मण्यांच्या मधली जागा

२ सप्टेंबर

झापड बांधणाऱ्या माझ्या सोबत्यांनो! ज्यांनी आयुष्यात एक खोकं उचललं नाही, तेच वर्षानुवर्षं ठरवत आले की आपण किती खोकी उचलायची. आपल्या कमरा मोडल्या तेव्हा त्यांनी आपल्याला मलम दिलं. आपण मलम मागितलं नव्हतं. आपण खुर्ची मागितली होती!

इथवर लिहून थांबले. भाषण आधी इथे उतरवायचं, मग आरशासमोर म्हणायचं आणि सभेत जाऊन भलतंच बोलायचं, ही माझी जुनी खोड. पण खुर्चीचं वाक्य राहील. टाळ्या तिथेच पडतील.

आणि खुर्ची मिळालीच की! गोदाम आता डोंगरापलीकडे गेलं. तिथे माणूस नाही, रॅकांमधून फिरणारे लोखंडी हात आहेत. आम्ही इथे, दुसऱ्या मजल्यावरच्या लांबट दालनात बसून ते हात चालवतो. डोळ्यांवर व्हीआरचा हेडसेट. पैलवानाने पहिल्याच दिवशी तो चढवून घोड्यासारखं खिंकाळून दाखवलं, तेव्हापासून त्याचं नाव झापड. पैलवान पूर्वी पाठीवर कपाट घेऊन जिने चढायचा. पाठ गेली, तेव्हा त्याला घरी बसवायला निघाले होते. मी दारात आडवी पडले. हे यंत्र कुणी आम्हाला दान दिलेलं नाही, आम्ही ते भांडून आणलंय.

आज साहेब म्हणाले, "ताई, मधल्या सुट्ट्या काढून टाकू. सलग सहा तास बसायचं. मग हे दालन इथून हलणार नाही, माझा शब्द." या साहेबांना आम्ही गुळगुळीत म्हणतो. पंधरा ऑक्टोबरला सभा आहे. सगळ्यांच्या वतीने हो किंवा नाही मी म्हणायचं.

मी हो म्हणणार. दालन वाचलं पाहिजे. काही जण कुरकुरतात, डोकं दुखतं म्हणे, मळमळतं म्हणे. मला तर काही होत नाही. गुळगुळीत सगळ्यांसमोर म्हणाला, "ताईंकडे बघा! सहा तास बसल्या तरी ताज्यातवान्या." मला ते आवडलं. खोटं कशाला लिहू?

४ सप्टेंबर

झापडाच्या आत वेगळीच वेळ असते. बाहेर दुपार असो की संध्याकाळ, तिथे कायम उजाडण्याच्या जरा आधीचा निळसर उजेड. रॅकांची रांग लांबच लांब जाते आणि शेवटी बारीक होऊन विरते. माझे हात माझे नसतात. लांब, थंड, न थकणारे. मी मान जराशी डावीकडे, जराशी उजवीकडे डोलावते, म्हणजे पुढचं खोकं मागच्यावरून सरकतं आणि कुठलं जवळ, कुठलं लांब ते समजतं. मग हात घालायचा. चुकत नाही. पैलवान मला कबूतर म्हणतो. "ताई, दाणे टाकू का?"

टाक म्हणावं. मान न हलवता कुणाला कधी काही कळलंय?

मला तिथे फार शांत वाटतं. बाहेरच्या जगासारखंच जग आहे ते, फक्त कुणी तरी ओल्या फडक्याने पुसून ठेवलेलं. धाकटी माझ्या शेजारच्याच खुर्चीवर बसते, पण ती काही तरी वेगळंच सांगते. "ताई, खोक्यातून काढलेली बरणी अशी हवेत पुढे येते ना, अगदी नाकापाशी. मग दोन होतात. मग पुसट होतात. मग डोळ्यांच्या मागे कुणी तरी दोरी ओढतं."

कवितेत बोलते माझी बहीण. मी म्हटलं, "बरणी काचेची आहे ग, भुताची नाही."

९ सप्टेंबर

जेवणाच्या सुट्टीत बोलले. टेबलावर चढले नाही, पण आवाज चढला.

"डोकेदुखी ही मालकाला आपण दिलेली भेट आहे! आज आपण म्हणू, यंत्र झेपत नाही. उद्या ते म्हणतील, माणसं झेपत नाहीत!" टाळ्या. मग मी जरा वाहवत गेले. "आणि ज्याला चक्कर येते त्याने सकाळी पोटभर खाऊन यावं!" हशा पिकला. धाकटीही हसली. पैलवान तेवढा हसला नाही. तो तेव्हा मोरीत वाकून उभा होता, नळ सोडून.

संध्याकाळी घरी धाकटीने चहाचा कप टेबलाच्या कडेबाहेर ठेवला. हातातून निसटला नाही, धक्का लागला नाही. अगदी शांतपणे, विश्वासाने, हवेवर ठेवला. तुकडे गोळा करताना आई म्हणाली, "एकीला ओतता येत नाही, एकीला ठेवता येत नाही. काय रत्नं आहेत माझ्या पदरी!"

पहिला टोला मला. मी किटलीची चोच कपाच्या कडेला टेकवल्याशिवाय ओतत नाही, लहानपणापासून. आईला त्या टणटणीचा राग येतो. पण टेकवलं नाही तर चहा कुठे पडणार हे माणसाला कळावं कसं?

धाकटी हल्ली भिंतीला बोटं लावत चालते, झोपेत चालावं तशी. मला वाटतं, तिला कुणी तरी आवडलंय. विचारलं, तर म्हणाली, "जमीन आवडते मला. सापडली तर."

१३ सप्टेंबर

काल सुटल्यावर धाकटी दालनाच्या जिन्यावरून पडली. मनगट सुजून टम्म. "मला वाटलं, पायरी संपली," एवढंच बोलली.

आई पट्टी बांधता बांधता माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "माझ्याकडे काय बघतेस? मी ढकललं का?"

"मी कुठे काय म्हणाले?" आई म्हणाली.

उद्या तिला कोपऱ्यावरच्या चष्मेवाल्या काकांकडे नेणार. नंबर वाढला असेल, दुसरं काय! एकदा चष्मा लागला की यंत्राच्या नावाने चाललेली ही ओरड बंद होईल.

१४ सप्टेंबर

राग आहे. रागच आहे.

काकांचं दुकान अरुंद. भिंतभर चौकटी टांगलेल्या. शंभर चेहरे नसलेले चष्मे आपल्याकडे बघतात. त्यांनी धाकटीला अक्षरं वाचायला लावली. तिची नजर स्वच्छ निघाली. मग त्यांनी तिला काळसर चष्मा घालायला देऊन एक चित्र पुढे धरलं. चित्रात माशी.

"पंख चिमटीत धर."

धाकटीने चित्राच्या वर, हवेत चिमूट धरली आणि दचकून हात मागे घेतला. "ई! वर आलंय ते!"

मी हसले. म्हटलं, मला द्या. चष्मा घातला. कागदावर माशीचं चित्र होतं. मी कागदावर बोट टेकवलं. मान डोलावून पाहिलं. कागद तो कागदच.

काका म्हणाले, "मान नका हलवू." मग एका डोळ्यावर पुठ्ठा धरला, काढला; दुसऱ्यावर धरला, काढला. माझे डोळे न्याहाळत राहिले. "कामावर घेताना तपासलं होतं?"

"तपासलं तर! एक डोळा झाकून वाचलं, दुसरा झाकून वाचलं. दोन्ही पास."

"दोन्ही एकदम?"

दोन्ही एकदम कोण तपासतं?

मग त्यांनी सांगितलं. मी जसंच्या तसं लिहिते, म्हणजे उद्या खोडून काढता येईल. माणूस जवळची वस्तू बघतो तेव्हा दोन गोष्टी एकदम होतात. दोन्ही डोळे आत वळतात, आणि डोळ्यातलं भिंग जवळच्यासाठी फुगतं. जन्मभराची जोडी. झापडात मात्र चित्र कितीही जवळ आलं, तरी ते ज्या काचेतून दिसतं तिचं अंतर ठरलेलं, दोन-तीन हातांवर असल्यासारखं. डोळे नाकापाशी वळतात आणि भिंगाला मात्र लांबच थांबावं लागतं. फुगलं तर चित्र पुसट. प्रत्येक बरणीला ही ओढाताण. घरी गेल्यावरही डोळ्यांना कळत नाही, कुणाचं ऐकावं.

"मग मला का होत नाही?" मी विजयाने विचारलं.

"कारण तुमचे डोळे जोडीने कामच करत नाहीत. एक बघतो, तेव्हा दुसरा गप्प बसतो. ज्या घरात नवराबायको बोलतच नाहीत, तिथे भांडण कुठून होणार?"

धाकटी फिस्सकन हसली. मग माझं तोंड बघून भिंतीवरचे चष्मे न्याहाळू लागली.

मी त्यांना सुनावलं. म्हटलं, मी हजार माणसांसमोर बोलले आहे, कपाटं भरून वाचलं आहे, मला दिसत नाही असं तुम्ही सांगता? ते म्हणाले, "दिसतं. पुढचं किती पुढे, मागचं किती मागे, ती खोली दिसत नाही."

जाताना त्यांनी एक दोरी दिली. तीन मणी ओवलेले. लाल, पिवळा, हिरवा. एक टोक खिडकीला बांधायचं, दुसरं नाकाला टेकवायचं. "मोठ्या वयात कुणाला थोडं जमतं, कुणाला नाही. करून बघा."

करीन. आणि काही होत नाही हे दाखवून दोरी परत करीन.

२२ सप्टेंबर

रोज सकाळी मी नाकाला दोरी लावून खिडकीशी उभी असते. शेजारीण विचारत होती, हे कसलं व्रत?

मधल्या मण्याकडे बघितलं की धाकटीला दोन दोऱ्या दिसतात, मण्यापाशी एकमेकींना छेदून जाणाऱ्या. मला एक. एकच एक सरळ दोरी. मी म्हटलं, "दोरी एकच आहे. मला खरं दिसतं, तुला खोटं."

"हो ताई," धाकटी म्हणाली.

तिचं हे "हो ताई" हल्ली मला टोचतं. का, ते कळत नाही.

गुळगुळीतने विचारलं, सभेचं नक्की ना? मी म्हटलं, शब्द म्हणजे शब्द. तो म्हणाला, "तुम्ही आहात म्हणून सोपं आहे, ताई. लोकांना सांगतो, यांना बघा." घरी येताना ते वाक्य मनात घोळत राहिलं. यांना बघा. मला बघून बाकीच्यांचं काय ठरतं?

१ ऑक्टोबर

आज दुसरी दोरी दिसली.

क्षणभरच. पिवळ्या मण्यापासून निघून उजवीकडे गेलेली, पाण्यावर पडलेल्या सावलीसारखी फिकी. मी श्वास रोखला. पापणी हलली आणि ती गेली.

आईला सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "लहानपणी तुझा एक डोळा खेळायला जायचा. हाक मारली की यायचा. मग जाणं बंद झालं, मला वाटलं, शहाणा झाला."

"मला कधी सांगितलं नाहीस ते?"

"तू कधी ऐकायला थांबलीस?"

म्हणून मला चेंडू कधी झेलता आला नाही? सुईत दोरा ओवताना मी जीभ लावून भोक शोधायची, सगळे हसायचे. मला वाटायचं, सगळ्यांना असंच दिसतं, फक्त बाकीचे धीट आहेत.

नाही. एका फिक्या दोरीवरून एवढं ठरवायचं नाही.

११ ऑक्टोबर, रविवार

कुठून सुरुवात करू?

सकाळी दोरी झाली, तोंड धुवायला गेले. आणि नळ भिंतीतून बाहेर आला.

आला म्हणजे हलला नाही. तो होता तिथेच होता. पण तो माझ्याकडे निघालेला होता, त्याची मान पुढे होती, आणि नळ आणि भिंत यांच्या मध्ये जागा होती. रिकामी जागा. मला ती दिसत होती! मी हात पुढे केला आणि मान न डोलावता, पहिल्याच खेपेला, तोटीवर बोट ठेवलं.

थेंब लोंबत होता. त्याच्यात खिडकी होती. थेंब सुटला आणि जागेतून खाली गेला. मी तो गेलेला पाहिला.

मग घरभर फिरले. आईच्या कानाच्या पुढे केसांची एक बट होती, आणि बट गालाला टेकलेली नव्हती. खुर्चीच्या पायांमध्ये हवा भरलेली होती. खिडकीबाहेर झाड होतं. मी आजवर त्याला हिरव्या रंगाचा डाग समजत आले, पण ते तर फांद्यांनी बांधलेलं घर निघालं! पानामागे पान, त्यामागे पान, आणि प्रत्येक दोन पानांमध्ये थोडं आकाश. मला वाटलं, आत शिरून बसावं. उतारवयाला टेकलेली बाई मी, खिडकीत उभी राहून रडले. जग मला इतकी वर्षं चित्र होऊन भेटत होतं आणि मी त्यालाच भाषणं देत होते.

धाकटी आली. तिच्याकडे बघितलं, तर ती जवळ होती. एवढंच लिहिता येतं. ती जवळ होती.

चहा ओतला. चोच न टेकवता. आईने आवाज आला नाही म्हणून मान वळवून बघितलं.

१२ ऑक्टोबर

आज झापड घाईघाईने बांधलं.

निळा उजेड. आणि मी त्या उजेडाच्या आत होते. रॅकांची रांग विरत नव्हती, जात होती, खोल, खोल. बरणी उचलली, ती तरंगत माझ्यापाशी आली, गोल, भरलेली, स्वतःच्या जागेसकट. धाकटी म्हणाली होती तशीच. भुताची नव्हे, पण काचेचीही नव्हे, स्वप्नातून आणलेली. मी आतल्या आत किती वेळ हसत होते कोण जाणे. डोळे भरून काचांवर वाफ धरली.

नाकापाशी आणली. दोन झाल्या. मग पुसट झाल्या.

पहिली कळ भुवईच्या मागे आली. वाटलं, रडण्यामुळे असेल. मग प्रत्येक बरणीला एक. डोळ्यांच्या मागे कुणी तरी दोरी ओढत होतं. सुट्टी व्हायच्या आतच घसा खारट झाला. मी काढलं नाही, कारण मी झापड मध्येच काढत नाही हे सगळ्यांना माहीत आहे. शेवटी काढलं आणि मोरीकडे धावले. तिथे पैलवान होता. त्याने बाजूला सरकून मला जागा दिली आणि नळ सोडला.

जिन्यावर जमीन खालीवर होत होती, दमलेल्या जनावराच्या पोटासारखी. पायरी संपली म्हणून पाय टाकला, संपली नव्हती. मागून दंड धरला धाकटीने. बऱ्या हाताने.

"भिंतीला बोटं लाव, ताई. भिंत खरं सांगते."

आम्ही पायरीवरच बसलो.

"तुला कधीपासून होतंय हे?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग बोलली का नाहीस?"

तिने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. "तू बोलत होतीस ना."

मी भिंतीला बोटं लावली आणि उठले.

१४ ऑक्टोबर

काल काकांकडे गेले. दोरी परत करायला नाही, तर सांगायला. ते म्हणाले, "सोडून दिलीत दोरी, तर डोळा कदाचित परत गप्प बसेल. झापडात त्रास नाही होणार." म्हणजे मी पुन्हा ताजीतवानी. पुन्हा यांना बघा.

गुळगुळीतला मी दिलेला शब्द मोडणार आहे. दालन हलेल का? हलू शकतं. मला भीती वाटते. पैलवानाला पुन्हा घरी बसवतील का, हा प्रश्न मला झोपू देत नाही. पण ज्या अंगावर मी सगळ्यांचं माप घेऊ दिलं, त्या अंगाला दिसतच नव्हतं.

दोरी खिडकीलाच आहे. आज तिन्ही मण्यांशी दोन्ही दोऱ्या दिसल्या.

हे उद्याचं भाषण. आरशासमोर म्हणणार नाही. भलतंच बोलणार नाही.

झापड बांधणाऱ्या माझ्या सोबत्यांनो! ज्यांनी खोकं उचललं नाही, त्यांनी आपल्या पाठींचा निकाल लावला, हे गाऱ्हाणं आपण घसा फुटेपर्यंत मांडलं. आणि मग मी काय केलं? जिचं डोकं दुखू शकत नव्हतं, तिने तुमच्या डोक्यांचा निकाल लावला. मला त्रास होत नव्हता, कारण मला तुमच्याएवढं दिसत नव्हतं. मी त्याला ताकद म्हटलं. तुम्हाला पोटभर खाऊन या म्हटलं. तुम्ही हसलात, कारण मी तुमची ताई आहे. माझी बहीण हसली आणि जिन्यावरून पडली.

यंत्र वाईट नाही. ऐका, यंत्र वाईट नाही! ते सुंदर आहे. मी सोमवारी ते पहिल्यांदा पाहिलं. ते आपलं आहे, आणि म्हणूनच ते आपल्या डोळ्यांच्या चालीने चालेल, आपले डोळे त्याच्या चालीने नाही. सलग सहा तासांना माझा नकार आहे. जोडीने जन्मलेल्या दोन गोष्टींची दिवसभर ताटातूट करून त्यांना राबवायचं, आणि वर विचारायचं, बाई, तुझा कप का पडला?

मी तुमच्याकडे घोषणा मागत नाही. एकच गोष्ट मागते. आज खुर्चीवर बसल्यावर, भिंतीवरच्या घड्याळात अर्धा तास झाला की पैलवान खिंकाळेल. त्याची आजची खुर्ची घड्याळासमोर आहे आणि आज तो झापड बांधणार नाही. खिंकाळणं ऐकू आलं की हातातली बरणी खाली ठेवा, झापड काढा, मांडीवर ठेवा आणि दालनाच्या खिडकीबाहेरच्या झाडाकडे बघा. पुढचं पान आणि मागचं पान वेगवेगळं दिसेपर्यंत, कुणी काही म्हटलं तरी, झापड पुन्हा बांधू नका.